क्वेरी संपते तिथून पुढे

डेटाबेसची पुस्तके टेबल कशी आखावीत आणि क्वेरी कशी लिहावी हे शिकवतात. प्रोग्रामिंगची पुस्तके भाषा शिकवतात. क्वेरी चालली, डेटाबेसने उत्तर तयार केले आणि आता ते प्रोग्रामच्या हाती द्यायचे आहे, या टप्प्याबद्दल मात्र दोन्हीकडे दोन-चार पानांपलीकडे काही सापडत नाही. एक लूप दाखवलेला असतो. त्यात पुढची रो मागायची, कॉलममधली व्हॅल्यू काढायची आणि शेवटी कनेक्शन बंद करायचे. विद्यार्थी तो लूप पाठ करतो आणि नोकरीत वर्षानुवर्षे तोच लिहीत राहतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो लूप आणि त्याच्यामागे उभा असलेला घटक हाच आहे. जावात त्याला रिझल्टसेट म्हणतात, डॉटनेटमध्ये डेटारीडर आणि डेटासेट, डेल्फीत टी-डेटासेट, पायथनमध्ये कर्सर. हा घटक प्रत्येक भाषेबरोबर तयार मिळतो, म्हणून त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. तो वाढवता येतो, आपल्या कामाला बेतता येतो, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते.

उदाहरण हवेतले नको म्हणून लेखकाने एक गाव धरले आहे: ठाणे जिल्ह्यातले, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतले वरसावे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि महामार्ग वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढतो, ते हे गाव. पुस्तकातले खातेदार आणि नोंदी कल्पित आहेत. टेबलची रचना मात्र गाव नमुना सातच्या वळणाची आहे, म्हणजे ज्याला आपण सातबारा म्हणतो त्यातल्या सातची. सर्व्हे नंबर, हिस्सा, खातेदाराचे नाव, क्षेत्र, पोटखराबा, फेरफार क्रमांक एवढे कॉलम. या टेबलला एकच साधा प्रश्न विचारायचा: वरसाव्याची सगळी खाती सर्व्हे नंबरच्या क्रमाने द्या.

उत्तर येते आणि पहिल्याच पानावर १ नंतर १०, मग ११, मग १२/३/अ आणि त्यानंतर कुठेतरी २ दिसतो. कारण हिस्स्यासकटचा सर्व्हे नंबर हा आकडा नाहीच; तो मजकूर आहे आणि मजकूर अक्षराअक्षराने लागतो. पुढचा कॉलम क्षेत्राचा. उताऱ्यावर ०.४०.५० असे लिहिलेले असते, म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. एकूण ४,०५० चौरस मीटर, जवळजवळ एक एकर. कोणी तो दोन टिंबांचा मजकूर म्हणून साठवतो, कोणी ०.४०५० असा दशांश म्हणून. दशांश साठवला आणि प्रोग्रामने तो डबल म्हणून वाचला, तर शेकडो हिश्शांची बेरीज करताना शेवटचे अंक हलू लागतात, कारण ०.१ सारखा साधा दशांशही डबलमध्ये तंतोतंत बसत नाही. मग येतो पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र. काही खात्यांत तो शून्य आहे, काहींत तो कोणी भरलेलाच नाही. जावाच्या रिझल्टसेटमधून ही रिकामी व्हॅल्यू गेटइंट किंवा गेटडबलने वाचली तर हातात शून्य येते. ती खरोखर शून्य होती की नल, हे कळण्यासाठी लगेच वॉजनल ही मेथड विचारावी लागते, आणि ती विचारायची राहून गेली तर प्रोग्राम तक्रार करत नाही. ‘पोटखराबा नाही’ आणि ‘पोटखराबा माहीत नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी छापील कागदावर एक होतात.

क्रमाचा घोळ सोडला तर यातली एकही चूक डेटाबेसमध्ये नाही आणि क्वेरीतही नाही. त्या मधल्या जागेत घडतात. आणि कागद जमिनीचा असेल तर त्यांची किंमत मोठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठीच आहे; त्याखाली अर्ज करून एक आकडा सरळ करून घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. वही मागे पडली आणि पडद्यावरच्या ओळीलाच कागदाचे वजन आले. कुठल्याही व्यवस्थेत ती ओळ पडद्यावर येते ती एखाद्या रिझल्टसेटमधून किंवा त्याच्या भावंडातून. म्हणून या मधल्या जागेवर स्वतंत्र पुस्तक हवे होते, आणि ते मराठीत हवे होते, असे मला मनापासून वाटते.

या घटकाचा इतिहास एका विसंगतीपासून सुरू होतो. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले, ते संचांच्या भाषेत. टेबल म्हणजे संच, क्वेरीचे उत्तर म्हणजेही संच. त्यात पहिली रो, पुढची रो असे काही नसते. पण प्रोग्रामिंग भाषा एका वेळी एकच गोष्ट हाताळायला शिकलेल्या. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात सिस्टिम आर उभी राहिली तेव्हा पीएल/वन आणि कोबॉलच्या प्रोग्रामला हा संच द्यायचा कसा, हा प्रश्न आला. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे कर्सर. चावडीवर तलाठी वही उघडायचा आणि ओळीवर बोट ठेवून एक-एक खाते वाचत जायचा, तसा. बोट जिथे आहे तीच ओळ ‘चालू’. १९८६ साली एसक्यूएलचे पहिले अमेरिकी प्रमाण ठरले त्यात कर्सर आला आणि तेव्हापासून तो कधी गेला नाही. आज आपण जे रिझल्टसेट वापरतो ते सारे त्या बोटाचेच वंशज आहेत.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची ओळख दुसऱ्या वाटेने झाली. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो. पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने, नगरपालिका यांच्या कारभारात संगणक शिरला तो पुष्कळ ठिकाणी याच मंडळींबरोबर. यूज म्हणून टेबल उघडायचे, गो टॉप, मग ईओएफ येईपर्यंत स्किप. इथे संच नव्हताच. फाइल हीच ओळींची रांग होती आणि रांगेत तुम्ही कुठे आहात हे प्रोग्रामरला सतत ठाऊक असायचे. त्या पिढीला ओळीची जाण पक्की होती. संचाची सवय मात्र तिला फार उशिरा लागली, आणि पुढे जावा-डॉटनेटकडे गेल्यावरही तिने फॉक्सप्रोचा लूप बरोबर नेला. आजही जुन्या कार्यालयीन सॉफ्टवेअरचा जावा कोड वाचताना तो स्किप मला ओळखू येतो: एक क्वेरी, तिच्या प्रत्येक रोसाठी आत दुसरी क्वेरी.

नव्वदच्या दशकात प्रमाणीकरणाची लाट आली. १९९२ साली ओडीबीसी आले, त्यामुळे डेटाबेस कुठलाही असला तरी विचारण्याची रीत एक झाली. पर्लमध्ये डीबीआय, पायथनमध्ये १९९९ सालचे डीबी-एपीआय २.०, पुढे पीएचपीत पीडीओ, ही सगळी त्याच विचाराची. जावाचे जेडीबीसी १९९७ साली आले तेव्हा त्याचा रिझल्टसेट फक्त पुढे जाऊ शकत होता. पुढच्याच आवृत्तीत तो मागे-पुढे फिरू लागला आणि त्याच्यातून रो बदलताही येऊ लागली.

डेल्फीसाठी इथे थोडे थांबायला हवे, कारण घटक वाढवण्याची खरी शिस्त मला तिथे दिसते. १९९५ साली आलेल्या डेल्फीत टी-डेटासेट हा एक पायाभूत क्लास होता. त्याला अवस्था होत्या: नुसती पाहणी, दुरुस्ती, नवी नोंद. प्रत्येक अवस्थाबदलाच्या आधी आणि नंतर तुमचा कोड बोलावला जाई. पोस्ट होण्याआधी तपासणी करा, रो बदलली की बेरीज दाखवा, टेबलमध्ये नसलेला कॉलम हिशेबाने काढून द्या. पडद्यावरची ग्रिड, मजकुराची चौकट, पुढे-मागे नेणारी बटणे या सगळ्यांना डेटा कुठून येतो याच्याशी देणेघेणे नसे. ती टी-डेटासेटशी बोलत. १९९७ च्या डेल्फी ३ मध्ये हा क्लास एका ठरावीक डेटाबेस इंजिनापासून मोकळा झाला आणि कोणीही आपला टी-डेटासेट लिहावा अशी वाट खुली झाली. मजकुराच्या फाइलवर, मेमरीतल्या यादीवर, अगदी मोजमापाच्या यंत्रावरही लोकांनी डेटासेट बांधले. घटकाची रचना नीट असेल तर तो ज्याच्यासाठी बनला नव्हता तिथेही चालतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

यानंतर विचारांच्या वाटा फुटतात. एक वाट जिवंत कर्सरची: कनेक्शन उघडे, रो लागतील तशा येतात, मेमरी कमी लागते, पण जोवर वाचता तोवर डेटाबेस तुमच्यासाठी अडकून पडतो. दुसरी तोडलेल्या प्रतीची: उत्तर सगळे उचलून घ्या, कनेक्शन सोडा, निवांत काम करा, बदल नंतर एकत्र परत पाठवा. २००२ सालच्या एडीओ डॉटनेटचा डेटासेट या वाटेचा, डेल्फीचा क्लायंटडेटासेट या वाटेचा आणि २००४ साली जावा ५ मध्ये आलेल्या पाच रोसेटपैकी कॅशड्‌रोसेट हाही याच वाटेचा. इथला अवघड प्रश्न परतीचा आहे. तुम्ही प्रत घेऊन बसला असताना मूळ रो दुसऱ्याने बदलली तर? कॅशड्‌रोसेटने त्यासाठी जुळवणी करणारा वेगळा भाग ठेवला आणि तो बदलून आपला बसवण्याची सोय दिली. ती सोय फार थोड्यांनी वापरली. या पुस्तकात तिला पूर्ण न्याय मिळाला आहे, आणि फेरफाराच्या नोंदीइतके तिला चपखल उदाहरण शोधून मिळाले नसते: एकाच सर्व्हे नंबरवर वारसनोंद आणि खरेदीखत दोन्ही एकाच आठवड्यात आली, तर कोणाची प्रत ग्राह्य धरायची आणि कोणी थांबायचे?

तिसरी वाट ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची, म्हणजे ओआरएमची. २००१ चे हायबरनेट, २००४ चे रेल्सचे अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड. रो दिसूच नये, फक्त ऑब्जेक्ट दिसावेत, ही तिची आकांक्षा. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात रेकॉर्ड सेट, अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर या साऱ्या रचना शेजारी-शेजारी मांडल्या होत्या आणि कुठली कधी हेही सांगितले होते. उद्योगाने त्यांतल्या ओआरएमच्या कामाच्या तेवढ्या उचलल्या आणि बाकीच्यांना जुनाट ठरवले. ओआरएमचे उपकार मी नाकारत नाही. नेहमीच्या नोंदी ठेवण्याच्या कामात ते वेळ वाचवते. पण ज्याने खालचा रिझल्टसेट कधी पाहिलाच नाही, त्याला पडदा का रेंगाळतो आहे हे शोधता येत नाही. साठ खातेदारांची यादी दाखवायला एकसष्ट क्वेरी गेल्या आहेत हे त्याला लॉग उघडल्याशिवाय कळत नाही, आणि लॉग कुठे असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. डॅपर, जूक, मायबॅटिस यांसारखी हलकी साधने या अडचणीत कामी येतात. ती एसक्यूएल लपवत नाहीत. रिझल्टसेटमधून ऑब्जेक्ट भरून देण्याचे काम करतात. माझा कल त्यांच्याकडे आहे.

चौथी वाट सर्वांत कमी परिचित आहे आणि तिचे मोठे काम वरसाव्याहून फार लांब नसलेल्या पवईत झाले आहे. आयआयटी मुंबईतले एस. सुदर्शन हे जगभर शिकवल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमका हा लूपच संशोधनाचा विषय केला. प्रश्न असा: प्रोग्रामरने रिझल्टसेटवर लूप लिहिला आहे आणि लूपमध्ये दर रोला एक क्वेरी आहे, तर प्रोग्रामरला न विचारता, अर्थ न बदलता, हा कोड यंत्राकडून पुन्हा लिहून घेता येईल का? २००८ साली रवींद्र गुरवण्णवर आणि सुदर्शन यांनी दाखवले की त्या सुट्या क्वेरींचे पॅरामीटर गोळा करून एकाच क्वेरीत बांधता येतात. पुढे डीब्रिज या नावाने जावा प्रोग्रामवर चालणारे साधन आले. क्वेरी आधीच पाठवून ठेवायची आणि उत्तर लागेल तेव्हा घ्यायचे, अशीही रूपांतरे त्यांनी बसवली. २०१६ च्या कामात लूपमधली बेरीज, गाळणी, जोडणी ओळखून तिचे सरळ एसक्यूएल काढायची पद्धत मांडली गेली. त्या गटातले कार्तिक रामचंद्र नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे फ्रॉइड नावाने झालेले काम एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये उतरले आणि युजर डिफाइन्ड फंक्शनच्या आतला पायरी-पायरीचा कोड क्वेरीत विरघळवू लागले. २०२० सालच्या अ‍ॅगिफायने कर्सरवरच्या लूपलाच हात घातला आणि त्याचे अ‍ॅग्रिगेट फंक्शन करून टाकले.

मराठी मुलांनी हे जाणावे असे मला फार वाटते. डेटाबेसची विद्या कॅलिफोर्नियात घडते आणि आपण ती वापरतो, असा समज अजून वर्गावर्गात आहे. पुण्यात आनंद देशपांडे यांनी १९९० साली पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली ती डेटाबेसमध्ये पीएचडी करून परतल्यावर. पवईत सुरू झालेला हा विचार आज एका मोठ्या व्यापारी डेटाबेसच्या पोटात काम करतो आहे. या संशोधनातून प्रोग्रामरला मिळणारा धडाही थेट आहे. लूप लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारावे: हे काम एका रोचे आहे की संचाचे? वरसाव्याच्या सर्व खात्यांच्या क्षेत्राची बेरीज संचाची आहे. ती डेटाबेसलाच करू द्यावी. उताऱ्याची छपाई रोची आहे. तिथे लूप योग्यच. आणि जे काम रोचे असूनही प्रत्येक लूपमध्ये पुन्हा-पुन्हा लिहावे लागते, ते रिझल्टसेटच्या विस्तारात न्यावे. पुस्तकाचा गाभा हे तिसरे काम आहे.

विस्तार करायचा म्हणजे काय? दोन रीती आहेत. एक, मूळ क्लासचा वारस काढणे. डेल्फीत तीच रीत, पायथनच्या सायकोपीजी२ मध्ये कर्सरचा वारस काढून रो डिक्शनरीसारखी मिळवता येते, पीएचपीच्या पीडीओत आपला स्टेटमेंट क्लास नोंदवता येतो. दुसरी, मूळ वस्तू आत ठेवून बाहेरून रॅपर चढवणे. जावात रिझल्टसेट हा इंटरफेस आहे आणि खरा क्लास ड्रायव्हरच्या आत दडलेला असतो, त्यामुळे वारसाची वाट बंद, रॅपरच हवा. अडचण अशी की या इंटरफेसमध्ये दीडशेहून जास्त मेथड आहेत. सगळ्या हाताने लिहून आतल्या वस्तूकडे पाठवत बसणे कंटाळवाणे आहे आणि जावाची नवी आवृत्ती आली की त्यात भर पडू शकते. डायनॅमिक प्रॉक्सी हा त्यावरचा उपाय: सगळ्या हाका एका जागी येतात, तुम्हाला हव्या त्याच अडवायच्या, बाकीच्या आत सोडायच्या. हिकारीसीपी हे कनेक्शन पूल किंवा पी६स्पाय हे क्वेरी टिपणारे साधन रॅपरच्याच कल्पनेवर उभे आहे. म्हणजे तुम्ही आज जो रिझल्टसेट वापरता तो पुष्कळदा आधीच कोणीतरी वाढवलेला असतो.

रॅपर लिहिणे सोपे, करार पाळणे अवघड. हे वाक्य लेखकाने पहिल्या मसुद्यात तळटिपेत ठेवले होते; ते मुख्य मजकुरात यावे असा मी आग्रह धरला. रिझल्टसेट वापरणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. गेटस्ट्रिंग नंतर वॉजनल विचारले तर ते नुकत्याच वाचलेल्या कॉलमबद्दल असेल. क्लोज दोनदा म्हटले तरी काही बिघडणार नाही. रॅपरच्या आतली मूळ वस्तू हवी तर जावा ६ पासून असलेल्या अनरॅपने ती मिळेल. समजा तुम्ही पोटखराब्याचा कॉलम वाचताना आतून एकक तपासण्यासाठी आणखी एक कॉलम वाचला. आता वॉजनल दुसऱ्याच कॉलमचे उत्तर देईल. वापरणाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नाही, तरी त्याच्या पोटखराब्यात शून्य शिरले. असे दोष चाचणीत सापडत नाहीत, कारण चाचणीच्या डेटात सगळे कॉलम भरलेले असतात. म्हणून इथे प्रत्येक विस्ताराबरोबर रिकाम्या, अर्धवट आणि विचित्र ओळींचा संच दिला आहे आणि आधी त्यावर चालवून पाहायला सांगितले आहे.

आता मराठी मजकुराकडे येतो, कारण परदेशी पुस्तकांत हा भाग मिळणे शक्य नाही. बऱ्हाटे हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह, मग ह. कीबोर्ड कोणता यावर ठरते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. डेटाबेसला ती दोन वेगळी माणसे वाटतात. युनिकोडचे प्रमाणित नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. गेटस्ट्रिंगवर चढवलेला रॅपर हा नियम एका जागी आणतो आणि पुढच्या साऱ्या कोडला एकच रूप मिळते. पण वाचताना सुधारले म्हणजे काम झाले असे नाही: शोध डेटाबेसमध्ये होतो आणि तिथे अजून दोन रूपे आहेत. लिहितानाही तोच नियम लागला पाहिजे, आणि रॅपर हा तोवरचा आधार.

क्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर आणि मग क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ बसला आहे ल च्या शेजारी आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून क आणि ज मध्ये विखुरलेली. मतदारयादी असो की खातेदारांची यादी, मराठी वाचक नाव शोधतो ते आपल्या क्रमाने. युनिकोडपूर्वीच्या फॉण्टमध्ये टंकलेला डेटा तर आणखी वेगळी कथा आहे. तिथे साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि फॉण्ट काढून घेतला की मजकूर वाचताच येत नाही. असा जुना कॉलम चालू व्यवस्थेला धक्का न लावता, वाचताना युनिकोडमध्ये बदलून देणारा रिझल्टसेट हा मला या पुस्तकातला सर्वांत उपयोगी नमुना वाटतो. कितीतरी संस्थांच्या जुन्या नोंदी अशा अवस्थेत पडून आहेत.

गावाच्या नावाचाही प्रश्न आहे. अंधेरीजवळचे वेसावे आणि मीरा-भाईंदरचे वरसावे इंग्रजीत सर्रास एकाच स्पेलिंगने, व्हर्सोवा म्हणून लिहिली जातात. दोन टेबल गावाच्या इंग्रजी नावावर जोडली तर समुद्रकाठच्या कोळीवाड्याच्या रो खाडीपुलाच्या गावात येऊन बसतील, आणि जॉइन अचूक चालल्याचेच दिसेल. जोडणी गावाच्या कोडवरच झाली पाहिजे. नाव फक्त दाखवण्यासाठी.

हे सगळे आजच का? पहिले कारण खासगी माहितीचे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकायचे, फोन नंबर अमुक भूमिकेच्या वापरकर्त्याला दाखवायचाच नाही, असे नियम प्रत्येक पडद्याच्या कोडमध्ये वेगवेगळे लिहिले तर कुठेतरी एक पडदा निसटतोच. रो आत येते त्या दारावरच झाकणारा रिझल्टसेट ठेवला तर पडदा लिहिणाऱ्याने विसरण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरे कारण, कोड लिहून देणारी साधने आता सगळ्यांच्या हाती आहेत आणि ती तोच पाठ झालेला लूप क्षणात पुन्हा लिहून देतात. तो लूप वाचून त्यातली वॉजनलची उणीव किंवा आतली क्वेरी हेरणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. तिसरे कारण प्रमाणाचे. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर डीफॉल्टने सगळे उत्तर मेमरीत ओढतो. ऑटोकमिट बंद करून फेचसाइझ दिली तरच तो तुकड्या-तुकड्याने आणतो. एका गावाच्या उत्तराला याने काही होत नाही. अख्ख्या तालुक्याच्या उत्तराला सर्व्हर आडवा होऊ शकतो. रो-रोने न देता कॉलमचे गठ्ठे देणारी अ‍ॅरोसारखी नवी मांडणीही आता रुळते आहे, आणि विश्लेषणाच्या कामात पुढे तिचेच चलन असेल असा माझा अंदाज आहे. पण ती समजायची तर आधी रोची रीत हातात बसलेली हवी.

पुस्तकाने जावा आणि पोस्टग्रेस ही जोडी मुख्य धरली आहे. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही महाविद्यालयांत आहेत, आणि जावाच्या रिझल्टसेटला इतका जुना करार आहे की त्यावर शिकलेले इतरत्र चालते. पायथन, डॉटनेट आणि डेल्फी मुद्दा वेगळा पडतो तिथेच येतात. भाषांची तुलना करण्याच्या मोहात लेखक पडलेला नाही, हे चांगले झाले. एसक्यूएल शिकवण्याचा प्रयत्नही इथे नाही. सिलेक्ट, जॉइन आणि ग्रुप बाय लिहिता येते असे धरले आहे. नोएसक्यूएल गाळले आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, लहान सॉफ्टवेअर कंपनीत जुना कोड सांभाळणारा प्रोग्रामर आणि सरकारी वा सहकारी कार्यालयात डेटा पाहणारा तंत्रज्ञ, हे तिघे वाचक लेखकाच्या डोळ्यांपुढे आहेत. तिसऱ्यासाठी लिहिलेली पाने मला सर्वांत आवडली, कारण त्याच्यासाठी सहसा कोणी लिहीत नाही.

परिभाषेबद्दल दोन शब्द. कामाच्या जागी जे बोलले जाते तेच ठेवले आहे: रो, कॉलम, क्वेरी, लूप, ड्रायव्हर. महसुली शब्द आपले आहेत तसेच: खातेदार, हिस्सा, फेरफार, पोटखराबा. दोन्ही बाजूंचे शब्द एकाच वाक्यात नांदतात, कारण ज्या कोडबद्दल हे पुस्तक आहे त्यातही ते तसेच नांदतात.

वाचकाला एक सुचवतो. पुस्तक हाती घेण्याआधी सध्या ज्या प्रकल्पावर काम करता त्यातला रिझल्टसेटचा कुठलाही एक लूप उघडा आणि त्यातले गेटइंट, गेटडबल मोजा. त्यांतल्या प्रत्येक कॉलमला डेटाबेसमध्ये नल चालतो का ते पाहून ठेवा. पहिल्या प्रकरणातले काम त्या यादीवरच करायचे आहे, पुस्तकातल्या वरसाव्यावर नव्हे.

वरसावे, मीरा-भाईंदर